प्रार्थनासाखळीची पहिली कडी

ऑपरेटरबाईंना चर्चमध्ये कुणी नावानं हाक मारल्याचं कुणाला आठवत नाही. एकतीस वर्षं त्यांनी एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. निवृत्त होऊनही तेरा वर्षं झाली, पण लोकांच्या तोंडी ‘ऑपरेटरबाई’ बसलं ते बसलं. आवाज अजून तसाच होता, भरदार आणि समजूतदार. एकदा एक सर्जन तावातावानं भांडायला फोन करून शेवटी स्वतःच्या कंबरदुखीचं गाऱ्हाणं सांगत बसला होता. हा किस्सा बाई इतक्या वेळा सांगत की ऐकणाऱ्यांना आता त्या सर्जनचीच दया यायची.

एक्स्चेंजमध्ये त्यांच्या अंगात एक गोष्ट मुरली होती. निरोप जसाच्या तसा गेला पाहिजे. खोलीचा नंबर चुकला तर भलत्याच माणसाचं पोट फाडतील, असं त्यांची वरिष्ठ बजावायची. म्हणून निरोप आधी लिहायचा, मग वाचून दाखवायचा, ऐकणाऱ्यानं तो परत म्हणायचा, आपण ‘बरोबर’ म्हणायचं आणि मगच फोन ठेवायचा. चर्चची प्रार्थनासाखळी बाईंनी सुरू केली तेव्हा तिलाही त्यांनी हाच नियम लावला.

साखळी सोपी होती. कुणाच्या घरी आजारपण, अपघात, काही अडचण आली की त्यानं बाईंना कळवायचं. बाई ते दोन वाक्यांत बसवून पहिल्या घरी फोन करायच्या. पहिल्यानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला, अशी बावीस घरं. शेवटचं घर घंटेवाल्याच्या बायकोचं. तिनं निरोप बाईंना परत वाचून दाखवला की साखळी पुरी. सकाळी दहाला सोडलेला निरोप दीडच्या सुमाराला घरी परत यायचा. निरोप कुणी दिला ते मात्र कुणालाही सांगायचं नाही, फक्त प्रार्थना कुणासाठी एवढंच. पुढे तरुण मंडळींनी मोबाइलवर ग्रुप काढू या म्हणून पुष्कळ धोशा लावला. बाई म्हणाल्या, “ग्रुपवर लोक जोडलेल्या हातांचं चित्र टाकतात आणि भाजी चिरायला जातात. फोनवर निदान तोंडानं नाव तरी घ्यावं लागतं.” तो विषय तिथेच मिटला.

दीड वर्षापूर्वी नवे पाळक आले. वयानं लहान, केस विस्कटलेले, पण माणूस मताचा पक्का. एका रविवारी त्यांनी उपदेशाला उभं राहून सरळच सांगितलं, “आपण या दारातून माणसं घालवली आहेत. ती समलिंगी आहेत म्हणून. कुणाला तोंडावर बोलून, कुणाच्या शेजारी न बसून. देवानं त्यांना घालवलं नव्हतं. आपण घालवलं. आता त्यांची क्षमा आपण मागायची, त्यांनी आपली नव्हे.”

बाकांवर असा शुकशुकाट झाला की मागच्या कुणीतरी खोकायचं म्हणून खोकून घेतलं. त्यानंतर चार महिने कमिटीत वादावादी चालली. दोन घरांनी येणं सोडलं. निवृत्त ड्रॉइंग मास्तर शेवटी तडजोडीवर आले. “चहाला बोलवा, माझी ना नाही. पण चहाबरोबर थोडा उपदेशही ठेवा.” पाळक म्हणाले, “मास्तर, उपदेश आपण पुष्कळ वर्षं दिला. यंदा नुसता चहा देऊ.” मास्तर हसले नाहीत, पण खुर्च्या लावायला सगळ्यांच्या आधी तेच आले.

दर गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये चहा ठरला. गेलेल्या माणसांना कुणीतरी फोन करायला हवा होता. जुन्या लोकांनी आठवून आठवून नऊ नावांची यादी केली, आणि फोन कोण करणार हा प्रश्नच नव्हता.

“मावशी, तुम्हीच,” पाळक यादी त्यांच्या हातात देत म्हणाले. “तुमचा आवाज आहे. आणि खरं सांगू? तुम्हाला तो अधिकारही आहे. सगळ्यांनी दार लावलं तेव्हा तुम्ही एकट्यांनी तुमच्या भाचीला घरात येऊ दिलं, हे मला पन्नास जणांनी सांगितलंय.”

यादीत पहिलं नाव भाचीचंच होतं. बाईंनी यादी घेतली, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. त्यांचे कान गरम झाले होते. पाळकांना वाटलं, मावशी स्तुतीनं लाजल्या.

अठरा वर्षांपूर्वी भाची सव्वीस वर्षांची होती. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासण्याचं काम करायची. बोटांच्या पेरांत पांढरी भुकटी कायम असायची. रविवारी चर्चमध्ये लहान मुलांचा वर्ग घ्यायची; कागदाची मेंढरं कापून त्यांना कापूस चिकटवायची. मुलं तिच्यावर जीव टाकायची. एका शुक्रवारी संध्याकाळी ती मावशीकडे आली, चहा निवेपर्यंत गप्प बसली आणि मग म्हणाली, “माझं एका मुलीवर प्रेम आहे, मावशी. दातांच्या कवळ्या बनवते ती, लॅबमध्ये. काल आईला सांगितलं. आज तुला. तिसऱ्या कुणाला सांगायची ताकद नाही माझ्यात.”

बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. “मी आहे ना,” म्हणाल्या. भाची रडली आणि मोकळी होऊन घरी गेली.

दुसऱ्या दिवशी बाईंना सुट्टी होती. सकाळी दहा वाजता त्या फोनजवळ बसल्या आणि कागदावर दोन वाक्यं लिहिली. संडेस्कूलच्या आपल्या शिक्षिकेसाठी प्रार्थना करा, तिचं मन एका बाईवर जडलं आहे. प्रभूनं तिला त्यातून सोडवावं. मग त्यांनी पहिल्या घराचा नंबर फिरवला.

बाई मनानं वाईट नव्हत्या. भाची बुडते आहे असं त्यांना खरोखर वाटत होतं, आणि बुडणाऱ्यासाठी बावीस घरं हाताशी होती. पण एवढंच असतं तर पुढची अठरा वर्षं त्यांना स्वतःचं तोंड आरशात बघायला जड गेलं नसतं. साखळीवर महिनोन् महिने गुडघे, पित्त आणि परीक्षा यांखेरीज काही आलं नव्हतं. त्या सकाळी सांगण्यासारखं काही आलं होतं, आणि ते आधी त्यांच्याकडे आलं होतं. फोन फिरवण्याआधी त्या खुर्चीत सरसावून बसल्या होत्या. ते सरसावून बसणं त्यांना अजून आठवायचं.

दीड वाजता घंटेवाल्याच्या बायकोचा फोन आला. तिनं निरोप वाचून दाखवला. बावीस घरं फिरून एक अक्षर बदललं नव्हतं. “बरोबर,” बाई म्हणाल्या, आणि साखळी किती चोख चालते म्हणून त्यांना बरं वाटलं. लोकांनी तिखटमीठ लावलं, असं पुढे म्हणायचीही सोय त्यामुळे राहिली नाही.

त्या रविवारी दोन आयांनी आपली मुलं वर्गातून हाताला धरून नेली. पुढच्या रविवारी पाच जणींनी. तिसऱ्या रविवारी भाची रिकाम्या खोलीत कापलेली मेंढरं घेऊन तासभर बसली. तिनं दिवा मालवला, दार ओढून घेतलं आणि ती परत आली नाही.

आईनंच निरोप दिला हे तिनं धरून टाकलं, आणि चर्चमधल्या लोकांनीही. दुसरं कोण देणार? ती आधी मावशीकडेच आली. “आईनंच सांगितलं ना तुला साखळीवर घालायला?” बाईंच्या तोंडून निघालं, “निरोप कुणाचा ते आम्ही सांगत नाही, बाळा. नियम आहे.” भाचीनं मान हलवली. तिला उत्तर मिळालं होतं.

बाईंची धाकटी बहीण, म्हणजे भाचीची आई, दोन दिवसांनी आली. ती भांडली नाही. तिनं फक्त विचारलं, “ताई, तू केलंस?” आणि बाईंच्या चेहऱ्याकडे बघून पुढे काही विचारलं नाही. म्हणाली, “माझ्याशी ती बोलत नाही. मी खरं सांगितलं तर तुझ्याकडेही यायची बंद होईल, मग तिला आपलं म्हणायला कोण राहील? तूच सांग तिला. तुझ्या तोंडून आलं तर वेगळं.”

“सांगते,” बाई म्हणाल्या.

मग त्या “सांगते” म्हणतच राहिल्या. भाचीचा वाढदिवस होऊन जाऊ दे, सांगते. तिचं घर मांडून होऊ दे, सांगते. भाची येत राहिली. कवळीवाल्या मैत्रिणीलाही घेऊन आली. ती हसतमुख बाई होती, समोरच्याशी बोलताना नकळत त्याच्या दातांकडे बघायची. दर दोन वर्षांनी भाची मावशीचे डोळे तपासायला नेई आणि काचा स्वतः घासून चष्मा करून देई. त्याच चष्म्यातून बाई दर रविवारी पुढच्या बाकावर एकटी बसलेली धाकटी बघत. अडीच वर्षांपूर्वी धाकटी हॉस्पिटलात होती तेव्हा शेवटच्या आठवड्यात तिनं मुलीला फोन लावून द्यायला सांगितलं. बाईंनी धाकटीच्याच फोनवरून लावला. वाजत राहिला. दफनाच्या दिवशी भाची कबरस्तानाच्या फाटकाशी उभी राहिली आणि आत न येता निघून गेली.

तर अशा बाईंच्या हातात ती यादी आली होती.

भाचीला फोन करताना त्यांनी ठरवलं होतं की आधी खरं सांगायचं आणि मग बोलावायचं. कागदावर लिहूनही घेतलं होतं. पण पलीकडून “बोल गं मावशी,” असं आलं आणि कागद तसाच राहिला. त्यांनी चहाचं सांगितलं.

“चर्चसाठी मी पाऊल टाकणार नाही,” भाची म्हणाली. “तू बोलावतेस म्हणून येते. तिथं माझं असं एकच माणूस होतं.”

बाईंनी फोन ठेवला आणि लिहिलेला कागद घडी घालून पर्समध्ये यादीशेजारी ठेवला.

गुरुवारी नऊपैकी चार जण आले. दोन वयस्क शिंपी तीस वर्षं एकाच घरात राहत होते आणि अजून भाऊ आहोत असंच सांगत. एका नर्सला आत यायला धीर होत नव्हता म्हणून मास्तर फाटकापर्यंत चालत गेले आणि तिची छत्री धरून तिला घेऊन आले. भाची कवळीवालीबरोबर आली. सुरुवातीला सगळ्यांचीच पंचाईत. पाळकीणबाईंनी एकाच माणसाला तीनदा साखर विचारली. कुणीतरी शिंप्यांना म्हणालं, “तुम्ही पण चहाच घेता ना?” त्यावर थोरले शिंपी म्हणाले, “नाही तर काय, शाई?” तेव्हा कुठे हॉल हसला.

मग एक जाडसर बाई भाचीसमोर येऊन उभी राहिली. “माझी मुलगी मी तुमच्या वर्गातून नेली होती. सगळ्यात आधी मीच. ती आता चोवीस वर्षांची आहे. तुमचं मेंढरू तिनं अजून बायबलात ठेवलंय, कापूस गेलाय सगळा. मला माफ करा म्हणायला मी किती उशीर केला बघा.” भाचीनं तिचे दोन्ही हात धरले.

पाळकांनी विचारलं, कुणाला काही सांगायचंय का. भाची उठली. “मी फार बोलत नाही,” ती म्हणाली. “माझ्या सख्ख्या आईनं माझं गुपित या चर्चच्या साखळीवर घातलं. तिला मी माफ करू शकले नाही, ती गेली तरी. पण मावशीनं तिच्या घराचं दार उघडं ठेवलं. त्या दारानं मी आज इथपर्यंत आले.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाळकीणबाईंनी ऑपरेटरबाईंना मिठीच मारली. बाईंना वाटलं, आत्ता उभं राहावं, आत्ताच. त्या उठल्या, पण हातात कपांचा ट्रे घेऊन मागच्या मोरीकडे गेल्या. भरल्या हॉलसमोर मेलेल्या बहिणीवर आळ आला आणि आपण कप उचलले, हे त्यांना कप विसळताना कळलं. नळ सोडून त्या तशाच उभ्या राहिल्या.

भाची मागून आली आणि तिनं पुसायला फडकं घेतलं. “मावशी, रडतेस काय? चांगलं झालं की सगळं.”

“निरोप आईनं दिला नव्हता,” बाई म्हणाल्या. वळल्या नाहीत. “कुणीच दिला नव्हता. तू शुक्रवारी मला सांगितलंस, शनिवारी दहा वाजता मी फोन केला. शब्द माझे होते.”

नळ वाहत होता. भाचीनं हात लांब करून तो बंद केला.

“आईला माहीत होतं?”

“हो. त्याच आठवड्यात कळलं तिला.”

“आणि ती मला काही बोलली नाही?”

“मी सुटले तर तुला कुणीच उरणार नाही, म्हणाली. मला सांगायला सांगितलं होतं. मी सांगते म्हणाले होते.”

भाचीनं हातातला कप पुसून ठेवला. दुसरा घेतला, तोही पुसला. मग म्हणाली, “तिचा तो हॉस्पिटलातला फोन. मी बघत होते स्क्रीनकडे. वाजू दिला.”

क्षमा हा शब्द बाईंच्या जिभेवर आला, पण मोरीत उभं राहून ती मागण्याचीही त्यांना लाज वाटली.

“साखळीवर घाल,” भाची फडक्याची घडी करत म्हणाली. तिचा आवाज थंड होता. “उद्याच घाल. बावीस घरांनी माझ्या आईकडे ती जाईपर्यंत कसं बघितलं असेल ते मला आत्ता कळतंय. आणि शेवटचा फोन तुला नको. मला येऊ दे.” ती बाहेर गेली. कवळीवालीनं तिचा चेहरा बघितला आणि काही न विचारता दोघींच्या पर्स उचलल्या.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता बाई फोनजवळ बसल्या. या वेळी पाठ खुर्चीला टेकवून. कागदावर लिहिलं: अठरा वर्षांपूर्वी संडेस्कूलच्या शिक्षिकेबद्दलचा निरोप तिच्या आईनं दिला नव्हता, तो मी, तिच्या मावशीनं, तिचा विश्वास मोडून दिला होता. माझ्या बहिणीवरचा आळ काढून टाका आणि माझ्यासाठी प्रार्थना करा. निरोप कुणाचा हे सांगायचं नाही, हा नियम त्यांनी पहिल्यांदाच मोडला. पहिल्या घरची बाई निरोप परत म्हणताना मध्येच थांबली. “बाई, हे असंच सांगू?” “असंच,” बाई म्हणाल्या. “आणि घंटेवाल्याकडे निरोप पोचला की त्यांनी फोन माझ्या भाचीला करायचा.” त्यांनी भाचीचा नंबरही दिला.

दीड वाजला. दोन वाजले. बाईंनी जेवण केलं नव्हतं. आत्ता कुठल्या घरात पोचलं असेल, कोण कपाळाला हात लावून बसलं असेल, हे त्यांना घरागणिक दिसत होतं. आपल्याबद्दल बोललं जात असताना माणूस घरात कसा बसतो, ते त्यांना एकाहत्तराव्या वर्षी कळत होतं. भाचीला ते सव्विसाव्या वर्षी कळलं होतं.

अडीचला फोन वाजला.

“निरोप आला,” भाची म्हणाली. “वाचते.” तिनं सावकाश वाचायला सुरुवात केली. “अठरा वर्षांपूर्वी संडेस्कूलच्या शिक्षिकेबद्दलचा निरोप तिच्या आईनं दिला नव्हता, तो मी, तिच्या मावशीनं, प्रेमापोटी, तिचा विश्वास मोडून दिला होता…” ती थांबली. “प्रेमापोटी. हे तू लिहिलंस?”

इतक्या वर्षांत साखळीत एक शब्द जास्तीचा आला नव्हता. बावीस घरांपैकी कुणाला तरी बाईंची दया आली होती. कुणीतरी मायेनंच तो शब्द आत सरकवला होता, आणि पुढच्या घरांनी तो तसाच जाऊ दिला होता. बाईंना कळलं, नुसतं ‘हो’ म्हटलं तर भाचीही तो ठेवून घेईल. तिला तो हवाही असेल.

“नाही,” त्या म्हणाल्या. “मी नाही लिहिला. काढ तो.”

“मग कशापोटी दिलास, मावशी?”

“मला सांगायला काहीतरी मिळालं होतं. इतकंच.”

पलीकडे पेननं कागदावर एक रेघ ओढल्याचं ऐकू आलं. भाचीनं निरोप पहिल्यापासून पुन्हा वाचला, तो शब्द सोडून, शेवटच्या प्रार्थनेपर्यंत, आणि ती थांबली.

“बरोबर,” बाई म्हणाल्या.